विमानातील लाल मूठ

कंदिलाची वात फार वर केली तर काय होते? ज्योत भडकते आणि काच काजळीने काळी होते. तेल जास्त आणि हवा कमी, असे झाले की जळण नीट होत नाही. पेट्रोलच्या इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते.

मोटार घाट चढू लागली की हवा विरळ होत जाते. पण चालकाला काहीच करावे लागत नाही. आजच्या मोटारीत एक छोटा संगणक असतो. तो हवेच्या मानाने पेट्रोल सोडतो.

पेट्रोलवर चालणारे लहान विमान मात्र थोड्याच वेळात हजारो फूट वर जाते. १०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी असते. पेट्रोल तेवढेच येत राहिले तर इंजिन अडखळते आणि पेट्रोल वाया जाते. म्हणून अशा अनेक विमानांत वैमानिकासमोर एक लाल मूठ असते. ती बाहेर ओढली की पेट्रोल कमी होते. आत ढकलली की वाढते. वर गेल्यावर वैमानिक मूठ हळूहळू ओढतो. इंजिन खडखडू लागले की ती थोडी आत सारतो. उतरताना मूठ पुन्हा आत ढकलायला तो विसरला, तर दाट हवेत पेट्रोल अपुरे पडते. ऐन वेळी इंजिन बंद पडू शकते!

चार्ल्स लिंडबर्ग या अमेरिकन वैमानिकाने १९२७ साली न्यूयॉर्क ते पॅरिस हा प्रवास एकट्याने, कोठेही न थांबता केला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, तो पॅसिफिक महासागरातील वैमानिकांबरोबर उडत असे. परतल्यावर त्याच्या विमानात इतरांपेक्षा पुष्कळ पेट्रोल शिल्लक राही. इंजिनाचे फेरे कमी ठेवून आणि मिश्रणातील पेट्रोल घटवून कसे उडावे, हे त्याने त्यांना शिकवले. इंजिन बिघडेल, अशी त्यांना भीती वाटली; पण ती खोटी ठरली. अथांग समुद्रावरून घरी परतायचे असेल, तर उरलेले पेट्रोल म्हणजे उरलेले आयुष्यच!

मग लहान विमानांतही संगणक का नाही? काही नव्या विमानांत तो आहे. पण जुनी साधी इंजिने बॅटरी बंद पडली तरी चालत राहतात. तिथे हवेचा हिशेब वैमानिकालाच ठेवावा लागतो.

स्वाध्याय
१. उंचावर गेल्यावर वैमानिक लाल मूठ बाहेर का ओढतो?
२. लिंडबर्गने वैमानिकांना काय शिकवले?