भिलाईतला पोळा

भिलाईतल्या मराठी घरांनो, पोळ्याला गावी जाणं जमलं नाही तर हळहळू नका. हा सण इथलाही आहे, 'पोरा' नावाने. आपली श्रावण अमावास्या ती इथली भाद्रपद अमावास्या, कारण इथला महिना पौर्णिमेला संपतो. दिवस मात्र एकच.

बाजारात मातीचे, चाकांचे नांदिया बैल येतात. जातं, चूल, इवलीशी भांडीही मातीचीच. मुलांना घेऊन जा, त्यांनाच निवडू द्या! नैवेद्यात पुरणपोळीशेजारी बेसनाची खारी ठेठरी आणि गूळ-कणकेची खुरमी ठेवा. 1959 साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून सेक्टरांत देशभरची माणसं शेजारी आहेत. ठेठरी शिकवणारी काकू सहज सापडते.

तिसऱ्या दिवशी तीजा, म्हणजे आपली हरतालिका. त्यासाठी छत्तीसगढी लेकी माहेरी येतात, आदल्या रात्री कारल्याची भाजी-भात खातात आणि मग निर्जळी उपास. त्यानंतर गणपती.

आणि हो, नागपूरचा तान्हा पोळा पाडव्याला असतो. इथला पोरा आटोपून दुर्गहून रात्रीची गाडी पकडलीत, तर सकाळी मुलांच्या हाती लाकडी बैलही येईल.