बर्फाच्या राज्यातील तहान

‘सगळीकडे बर्फच बर्फ असताना पाण्याची कसली चिंता?’ हिवाळ्यात हिमालयातील पदभ्रमणास निघालेल्या मराठी मंडळींच्या तोंडी हा प्रश्न हमखास येतो. तो अगदी स्वाभाविक आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या दृष्टीने हिवाळा हा पाण्याच्या बाबतीत निश्चिंतीचा काळ असतो. किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी पावसाळ्यात तुडुंब भरलेली असतात आणि मार्गशीर्ष-पौषातही ती वाटसरूला सहसा निराश करीत नाहीत. हरिश्चंद्रगडावर मंदिराजवळच्या टाक्यातील गारेगार पाणी ज्याने एकदा ओंजळीने प्राशन केले, त्याला ‘थंडी आणि पाणीटंचाई’ ही जोडीच मुळी पटत नाही. पाण्याचा विचार करावयाचा तो चैत्र-वैशाखात, अशी आपली धारणा झालेली असते.

हीच धारणा सोबत घेऊन काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही सहा जण केदारकंठ्याच्या वाटेला लागलो. उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात हे सुमारे ३,८०० मीटर उंचीचे शिखर आहे. सांक्री या गावातून चढाई सुरू होते. देवदार आणि ओक वृक्षांच्या दाट वनातून चालत पहिल्या दिवशी सुमारे २,७०० मीटर उंचीवरील ‘जुडा का तालाब’ या तळ्याकाठी मुक्काम करावयाचा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. मुक्कामी तळे आहे हे ऐकूनच आम्ही निर्धास्त झालो होतो. प्रत्यक्षात समोर आले ते पांढरे शुभ्र, गोठलेले मैदान! तळे होते, पाणी मात्र नव्हते.

तहान न लागण्याचा धोका

त्या रात्री आमच्यापैकी दोघांनी पाण्याच्या बाटल्या तंबूच्या बाहेरच्या पडवीत ठेवल्या. सकाळी त्यांत पाण्याऐवजी बर्फाचे दांडके निघाले. एका स्नेह्यांच्या सॅकमध्ये नळीने पाणी पिण्याची पिशवी होती. तिची नळी चालू लागल्यावर पाऊण तासात गोठली. ‘तहान तर लागत नाही, मग पुढे पाहू,’ असे म्हणत ते दिवसभर जेमतेम लिटरभर पाण्यावर चालले. सायंकाळी सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील तळावर पोहोचेपर्यंत त्यांचे डोके ठणकू लागले होते, अन्नावरील वासना उडाली होती आणि लघवी गडद पिवळी झाली होती.

आमचा स्थानिक वाटाड्या अनुभवी होता. त्याने त्यांना बसते केले, कोमट पाण्यात मीठ-साखर कालवून घोटघोट पाजले आणि शांतपणे म्हणाला, “साहब, यहाँ प्यास लगने पर नहीं, घड़ी देखकर पीते हैं।” रात्री डोकेदुखी कमी न झाल्याने त्यांनी शिखराचा विचार सोडला. पहाटे आम्ही चौघे वर गेलो. ते एका सहकाऱ्यासह खाली उतरले. सांक्रीला पोहोचेपर्यंत त्यांना पूर्ण बरे वाटू लागले होते. शिखरावरून स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ यांचे दर्शन घेताना आनंदाला एक रुखरुख चिकटून राहिली, ती कायमची.

या प्रसंगामागे साधे शरीरशास्त्र आहे. थंडीत तहानेची जाणीव मंदावते. त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त शरीराच्या गाभ्याकडे वळते. त्यामुळे मूत्रपिंडांना शरीरात द्रव अधिक असल्यासारखे वाटते आणि लघवीचे प्रमाण वाढते. उंचीवरील हवा कोरडी असते. चढताना लागणाऱ्या धापेबरोबर प्रत्येक श्वासातून बाष्प बाहेर पडते. घाम मात्र लगेच वाळत असल्याने आपण पाणी गमावीत आहोत, हे ध्यानातच येत नाही. म्हणूनच अशा चालीत दिवसाला सुमारे ३ ते ४ लिटर द्रव पोटात जावा, असे सांगितले जाते. त्यात चहा, सूप, डाळ यांचाही समावेश होतो. लघवीचा फिकट रंग हा सर्वांत सोपा मापदंड होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. उंचीवर होणारी डोकेदुखी केवळ पाणी कमी पडल्यानेच होते असे नाही. ती विरळ हवेच्या त्रासाचीही खूण असू शकते आणि तो त्रास पाणी पिऊन बरा होत नाही. शंका असेल तेव्हा आणखी चढू नये आणि लक्षणे वाढत असतील तर विनाविलंब खाली उतरावे, हाच सुरक्षित मार्ग.

पाणी कोठे शोधावे?

पहिली पसंती वाहत्या पाण्याला द्यावी. ओढ्याचा वरचा थर गोठला तरी खाली प्रवाह चालू असतो आणि कान देऊन ऐकल्यास त्याची खळखळ ऐकू येते. मात्र काठावरील बर्फ पोकळ असू शकतो. काठीने टोचून आधाराची खात्री करावी, सॅक खाली ठेवावी, सोबत्याला जवळ उभे करावे आणि दोरी बांधलेले भांडे प्रवाहात सोडून पाणी काढावे. भिजलेला बूट किंवा हातमोजा ही अशा थंडीत क्षुल्लक बाब राहत नाही.

दुसरा आधार झऱ्यांचा. भूगर्भातून येणाऱ्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. त्यामुळे ओढे गोठलेले असतानाही काही झरे वाहते राहतात. उत्तराखंडात दगडी तोटीतून पडणाऱ्या झऱ्याला ‘धारा’ म्हणतात, तर कुमाऊँत झऱ्याभोवती बांधलेल्या दगडी कुंडाला ‘नौला’ म्हणतात. कोणता झरा थंडीत चालतो हे नकाशा सांगत नाही. गावातील वृद्ध आणि मेंढपाळ सांगतात. सांक्रीसारख्या पायथ्याच्या गावी चहाच्या टपरीवर बसून केलेली दहा मिनिटांची चौकशी पुढे मोलाची ठरते.

बर्फाचे पाणी करताना

वरच्या तळांवर मात्र बहुधा हिम वितळविण्यावाचून पर्याय उरत नाही. येथेच नवख्याचा अंदाज चुकतो. ताजे, भुसभुशीत हिम दहा लिटरचे पातेले भरून घेतले, तरी हाती साधारण लिटरभरच पाणी लागते. घट्ट दबलेले हिम किंवा बर्फाचे तुकडे मिळाल्यास तेच घ्यावेत. त्यांतून पाणी अधिक निघते.

खर्च होतो तो इंधनाचा. शून्य अंशावरील एक किलो बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करण्यास सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी पुढे उकळीपर्यंत नेण्यास आणखी ९० ते १०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ओढ्याचे पाणी उकळण्याच्या तुलनेत बर्फाचे पाणी करून उकळण्यास जवळजवळ दुप्पट इंधन हवे. गॅसच्या एका किलोतून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि वारा-थंडीत त्यातील निम्मी वाया जाते असे धरले, तर लिटरमागे ३० ग्रॅमहून अधिक गॅस जळतो. दोघांना दिवसाला ८ लिटर पाणी लागेल असे मानल्यास पदभ्रमणात वापरला जाणारा २३० ग्रॅमचा गॅसचा डबा एका दिवसात संपतो. स्वयंपाकाचा हिशेब निराळाच! बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर हिम ही मुदत ठेव आहे. ती आपलीच असते, परंतु हवी त्या क्षणी मोडता येत नाही आणि मोडताना किंमत मोजावी लागते. म्हणूनच हिवाळी मोहिमेत इंधन मोजताना ते पाण्याच्या खात्यावर मोजावे.

काही बारकावे ध्यानात ठेवावेत. पातेल्यात आधी थोडे पाणी घालावे आणि मगच हिम टाकावे. कोरडे हिम टाकल्यास भांडे करपते आणि पाण्याला जळका वास येतो. पातेल्यावर झाकण आणि स्टोव्हभोवती वाऱ्याला आडोसा हवाच. ब्युटेन वायू शून्य अंशाच्या आसपास डब्यातून नीट बाहेर येत नाही, म्हणून प्रोपेनमिश्रित डबा घ्यावा आणि रात्री तो अंथरुणात उबेला ठेवावा. बंद तंबूत स्टोव्ह कधीही पेटवू नये. आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका प्राणघातक असतो. चालता चालता हिम खाण्याचा मोहही टाळावा. ते वितळविण्यासाठी शरीराचीच ऊब खर्ची पडते आणि तहान भागत नाही.

शुभ्र म्हणजे शुद्ध नव्हे

हिम पांढरे दिसले तरी ते निर्जंतुक नसते. तंबू, पायवाट, खेचरांचा तळ आणि शौचाची जागा यांपासून दूर, वरच्या अंगाचे हिम घ्यावे. पाणी उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. ३,४०० मीटर उंचीवर पाणी १०० नव्हे, तर सुमारे ८९ अंशांना उकळते. तरीही रोगजंतू मरण्यास ते पुरेसे असते. सुमारे २,००० मीटरच्या वर खळखळून उकळी आल्यावर तीन मिनिटे उकळू द्यावे. क्लोरीनच्या गोळ्या थंड पाण्यात सावकाश काम करतात, म्हणून त्यांना अधिक वेळ द्यावा लागतो. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी त्यांना दाद देत नाहीत. सूक्ष्म नळ्यांचे गाळणयंत्र एकदा ओले होऊन गोठले की आतून फुटते आणि बाहेरून ते कळतही नाही. ते वापरावयाचे असल्यास दिवसा खिशात आणि रात्री अंथरुणात जपावे.

मिळालेले पाणी राखावे

रात्रीच उद्याचे पाणी तयार करावे, हा हिवाळी मुक्कामाचा पहिला नियम. उकळते पाणी झेपेल अशा मजबूत बाटलीत ते गरम असतानाच भरावे, बाटली लोकरी मोज्यात घालावी आणि झाकण घट्ट लावून अंथरुणात घ्यावी. पायांना ऊब मिळते आणि सकाळी पाणी पाणीच राहते. चालताना बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी. बर्फ वरच्या बाजूने धरू लागतो, त्यामुळे तोंड मोकळे राहते. नळीच्या पिशवीपेक्षा रुंद तोंडाची बाटली आणि एक थर्मास अधिक भरवशाचा. आम्ही चौघे शिखरावर पाणी पिऊ शकलो, ते वाटाड्याने आदल्या रात्री भरून ठेवलेल्या अशाच बाटल्यांमुळे.

संयोजकांबरोबर जात असाल, तर निघण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : प्रत्येक मुक्कामी पाणी कोठून येते? ते उकळून मिळते काय? आणि पाण्यासाठी वेगळे इंधन धरले आहे काय? उत्तरे मोघम असतील तर सावध व्हावे.

शेवटी एक गोष्ट पदरी बांधावयाची. आपण ज्या हिमावर तंबू ठोकतो, तेच चैत्रात वितळून खालच्या गावांच्या ओढ्यांत आणि झऱ्यांत उतरते. २०१८ साली नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात हिमालयातील बारमाही झऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे आटले किंवा हंगामी झाले असल्याचे नमूद केले होते. आपण चार दिवसांचे पाहुणे. तेथील माणसांना त्याच पाण्यावर वर्ष काढावयाचे असते. म्हणून शौच आणि भांडी धुणे जलस्रोतापासून किमान ६० मीटर दूर असावे आणि कचरा पाठीवरून खाली यावा.

आमचे ते स्नेही पुढच्याच जानेवारीत पुन्हा सांक्रीला गेले आणि शिखर गाठून आले. परतल्यावर त्यांनी छायाचित्रांच्या आधी दाखविले ते मनगटी घड्याळ. दर अर्ध्या तासाला गजर होईल असे लावलेले!