कॅमेऱ्याआधी पंचांग

कुत्र्याला घेऊन आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर निघालात आणि त्याचे चार बरे फोटो काढायचं मनात असेल, तर कॅमेऱ्याच्या बॅटरीआधी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघा. कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ, नेमक्या चांगल्या उजेडाच्या वेळी, पाणी वर आलेलं आणि पुळण अरुंद. पौर्णिमा-अमावास्येला भरती येते अकरा-बाराच्या सुमारास, म्हणून ओहोटी पडते संध्याकाळी पाच-सहाला. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर ओसरतं आणि मागे उरते ओल्या वाळूची सपाट पाटी. तिच्यात धावणाऱ्या कुत्र्याचं प्रतिबिंब आयतं मिळतं.

उजेड तिरपा असला पाहिजे, हे सगळेच सांगतात. आंजर्ल्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे मात्र वेगळं लक्षात ठेवायला हवं. संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरतो, त्यामुळे पाण्याकडे तोंड करून फोटो काढलात की कुत्र्याच्या केसांना सोनेरी कड येते आणि चेहरा काळवंडतो. चेहरा हवा असेल तर तुम्ही समुद्राकडे पाठ करा. मागे नारळी-पोफळीच्या वाड्या येतील, त्याही काही वाईट दिसत नाहीत.

काळ्या कुत्र्यावाले इथे नेहमी फसतात. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी धरून उजेड ठरवतो. काळा कुत्रा चौकटभर असेल, तर कॅमेरा जास्त उजेड घेतो आणि कुत्रा धुरकट होतो. तेव्हा उजेड थोडा कमी करायचा. तोच कुत्रा उजळ वाळूवर लांब, छोटासा असेल, तर कॅमेरा वाळूला भुलून उजेड कमी घेतो आणि कुत्र्याचा नुसता ठिपका उरतो, तेव्हा वाढवायचा. मोबाइलवर त्याच्या तोंडावर बोट टेकवून बाजूची सूर्याची खूण वर-खाली सरकवली की हे जमतं. आपल्या तांबूस गावठी कुत्र्याची अडचण निराळी. तो जांभ्याच्या गडग्यापुढे बसला की दगडात मिसळून जातो. त्याला हिरवं किंवा निळं काहीतरी मागे द्या.

आता उंची. उभ्याने काढलेल्या फोटोत कुत्र्याचं डोकं मोठं, पाय आखूड, आणि मागे फक्त जमीन. एलियट अर्विट या अमेरिकी छायाचित्रकाराने आयुष्यभर कुत्र्यांचे फोटो काढले. 1974 साली न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या त्याच्या गाजलेल्या फोटोत एक टोपीवालं चिमुकलं चिहुआहुआ आहे, शेजारी मालकिणीचे बूट आणि भल्या थोरल्या ग्रेट डेनचे नुसते पुढचे पाय. माणसाचा आणि मोठ्या कुत्र्याचा चेहरा चौकटीबाहेर. कॅमेरा जमिनीलगत नेल्याशिवाय हा विनोद घडलाच नसता. तेव्हा वाळूत पालथं पडायची लाज सोडा. कपडे झटकता येतात; लेन्सवर खारं पाणी उडालं तर मात्र ते तिथेच पुसा.

फार जवळही जाऊ नका. मोबाइलची नेहमीची लेन्स हातभर अंतरावरून नाकाचा भोपळा करते. चार पावलं मागे सरून दुप्पट झूम वापरा. बसलेल्या कुत्र्याला शटरचा वेग सेकंदाचा 250वा भाग पुरतो, धावणाऱ्याला 1000वा लागतो. फोकस डोळ्यावर, आणि तोंड वळलेलं असेल तर जवळच्या डोळ्यावर. रात्री फ्लॅश नको: कुत्र्याच्या डोळ्यातल्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात. चेंडू फेकणार असाल तर निळा घ्या. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट दिसतो, लाल नाही.

तंत्रापेक्षा मी वेळेला जास्त मानतो. कुत्रा सारखा जांभया देतोय, नाक चाटतोय, मान फिरवून डोळ्याचं पांढरं दाखवतोय, तर त्याला तुमचा कंटाळा आलाय. अशा वेळी काढलेला फोटो कितीही स्पष्ट आला तरी त्यातला कुत्रा आपला वाटत नाही. फोन खिशात घाला. भर दुपारी तर पुळणीवर नेऊच नका, तापलेल्या वाळूने पंजे पोळतात. त्या वेळी घराची पडवी उत्तम. वर छप्पर, एका बाजूने मऊ उजेड. काळ्या कुत्र्याच्या केसाचा पोतसुद्धा तिथे दिसतो.

एक गोष्ट फोटोपेक्षा मोठी आहे. आंजर्ल्याच्या पुळणीवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. कुत्रे आणि कोल्हे वासावरून ती उकरतात, म्हणून कासवमित्र अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि ऊन कमी असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, समुद्रात सोडली जातात. म्हणजे फोटोची वेळ तीच. कुत्रा कितीही गुणी असो, नोव्हेंबर ते मे या काळात त्याला पुळणीवर मोकळा सोडू नका. पिल्लं सोडायची असतील त्या वेळी तर पट्ट्यानेही नेऊ नका. त्या दिवशी पडवीतच फोटो काढा.