चर्चच्या उंबरठ्याबाहेर

१९३८च्या सुमारास जिम रेबर्न हा तरुण टेक्सासमधल्या गेन्सव्हिल गावी आला. तो डॅलसच्या सेमिनरीत शिकत होता आणि इथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये मुलांचं काम बघणार होता. पाळकाने त्याला वेगळीच वाट दाखवली. चर्चमध्ये येणाऱ्या पोरांचं मी बघतो, तू हायस्कुलात जा. जी इकडे फिरकत नाहीत ती मुलं तुझी.

‘यंग लाइफ’ या संस्थेचं मूळ या कामवाटणीत आहे.

रेबर्न मैदानाकडे वळला. फुटबॉलचा सराव बघत उभा राहायचा, पोरांशी ओळखी वाढवायचा. शाळा सुटल्यावर तो भरवी त्या सभेला आधी फारसं कोणी थांबेना. मग त्याने ती मुलांच्याच घरी, दिवाणखान्यात हलवली आणि गर्दी होऊ लागली. बैठकीचा थाट साधा : मोठ्याने गाणी, एखादा विनोदी प्रवेश, शेवटी येशूविषयी बोलीभाषेत चार शब्द. ख्रिस्ताची गोष्ट सांगून पोरांना कंटाळा आणणं हेच पाप, असं तो मानी.

१६ ऑक्टोबर १९४१ रोजी संस्था रीतसर स्थापन झाली. तिच्या पाठीराख्यांत शिकागोचे उद्योजक हर्बर्ट टेलर होते. आपल्याकडच्या रोटरी क्लबांत म्हटली जाणारी ‘फोर-वे टेस्ट’ त्यांचीच. १९४६पर्यंत संस्थेने कोलोरॅडो स्प्रिंग्जला बस्तान हलवलं आणि डोंगराच्या कुशीत शिबिरं सुरू झाली. देवाच्या नावाने कसंबसं भागवणं रेबर्नला पसंत नव्हतं. ब्रिटिश कोलंबियाच्या खाडीकाठी श्रीमंतांसाठी बांधलेलं ‘मालिबू’ हे विश्रामस्थळही १९५०च्या दशकात पोरांच्या शिबिरासाठी घेतलं गेलं.

चाळीसच्या दशकाअखेर इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजातले विद्यार्थी बिनपगारी कामाला लागले. आजही संस्थेची भिस्त स्वयंसेवकांवर आहे. १९६४मध्ये खुद्द रेबर्नलाच विश्वस्तांनी बाजूला केलं. १९७०मध्ये तो वारला. काम मात्र शंभरावर देशांत पोचलं. अपंग मुलांसाठी आणि कोवळ्या वयात आई झालेल्या मुलींसाठी वेगळे विभाग निघाले.

एक उंबरठा तरीही उरला. समलिंगी संबंध असलेल्या तरुणांना क्लबात येता येतं, क्लब चालवता येत नाही. २०२०मध्ये अनेक माजी सदस्यांनी याविरुद्ध जाहीरपणे तोंड उघडलं. दारापर्यंत जाऊन ज्यांना आत आणलं, त्यांतल्या काहींना दिवाणखान्यातच थांबवून ठेवलं होतं.