‘घरी राहा!’ पण घरच नसेल तर?

मुलांनो, २०२० सालचा मार्च महिना आठवतो का? तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीत नाही तर पहिली-दुसरीत असतील. काही जण तर आईच्या कडेवरच असतील! पण ताईला, दादाला किंवा आजीला विचारा. त्यांना तो महिना चांगला आठवत असेल. करोना नावाच्या विषाणूची साथ जगभर पसरली होती. एकाच वेळी अनेक देशांत पसरणाऱ्या अशा साथीला महासाथ म्हणतात. आपल्याकडे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. शाळा बंद, आगगाड्या बंद, रस्ते ओस. टीव्ही लावा नाही तर फोन उचला, एकच सूचना ऐकू यायची: घरी राहा, साबणाने हात धुवा, एकमेकांपासून अंतर ठेवा.

सूचना सोपी होती आणि बरोबरही होती. आता तीच सूचना पुन्हा एकदा वाचा आणि डोळ्यांसमोर एक माणूस आणा. हा माणूस रात्री बंद दुकानाच्या फळीवर, पुलाखाली किंवा स्टेशनबाहेर झोपतो. तो घरी राहणार म्हणजे कुठे राहणार? हात कोणत्या नळावर धुणार? अंतर तरी कसे ठेवणार?

जगातल्या सगळ्याच सरकारांपुढे हा प्रश्न उभा राहिला. इंग्लंडने त्याचे काय उत्तर शोधले, त्याची ही गोष्ट. गोष्ट अगदी खरी आहे, बरं का! आणि ती अजून संपलेली नाही.

श्रीमंत देशातले बेघर

तुम्ही म्हणाल, ‘इंग्लंडसारख्या श्रीमंत देशात लोक रस्त्यावर झोपतात?’ हो, झोपतात. तिथे दरवर्षी शरद ऋतूत एका रात्री अशा लोकांची मोजणी होते. प्रत्येक गावाची नगरपालिका आपापल्या भागात उघड्यावर झोपलेल्यांचा आकडा कळवते. २०१९ सालच्या मोजणीत हा आकडा ४,२६६ होता. निवाऱ्यांत राहणारे किंवा मित्राच्या घरी चार दिवस पथारी टाकणारे यात धरलेले नाहीत. खरे बेघर त्याहून पुष्कळच जास्त.

माणूस बेघर का होतो? आळशी असतो म्हणून, असे काही लोक पटकन म्हणून टाकतात. पण नीट पाहिले तर कारणे वेगळीच दिसतात. कुणाची नोकरी जाते आणि भाडे थकते. कुणी घरात मारहाण होते म्हणून बाहेर पडते. कुणी अनाथालयात वाढलेले असते आणि वयात आल्यावर जायला जागाच नसते. कुणाला मनाचा आजार असतो, तर कुणाला व्यसन जडलेले असते. आणि काहींना तर व्यसन रस्त्यावर आल्यानंतर लागते.

उघड्यावरचे आयुष्य शरीराला फार महाग पडते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ साली बेघर अवस्थेत मरण पावलेल्या पुरुषांचे सरासरी वय सुमारे ४६ होते आणि स्त्रियांचे सुमारे ४३. तिथली इतर माणसे सरासरी पंचाहत्तरी ओलांडतात. म्हणजे केवढा फरक झाला, वजाबाकी करून पाहा बरं!

सगळेच दरवाजे बंद

अशा थकलेल्या शरीरांवर आता नवा विषाणू चालून आला. बेघरांमध्ये दमा आणि फुप्फुसांचे इतर विकार पुष्कळ असतात, आणि करोना नेमका फुप्फुसांवरच हल्ला करायचा.

त्यात टाळेबंदी आली. ज्या उपाहारगृहाचा मालक उरलेले अन्न द्यायचा, ते बंद. जिथे तोंड धुता यायचे ती वाचनालये आणि सार्वजनिक स्वच्छतागृहे बंद. रस्त्यावर माणूसच नाही, तर दोन नाणी टाकणार कोण?

मग रात्रीचे निवारे होते ना? होते. थंडीच्या दिवसांत तिथली चर्च आणि समाजगृहे आळीपाळीने आपले दालन उघडायची. एका दालनात ओळीने गाद्या घातलेल्या, दहा-पंधरा माणसे शेजारी शेजारी झोपलेली. थंडीत ही मोठीच सोय. पण साथीच्या काळात? एक खोकला आणि सगळे आजारी! एरवी जीव वाचवणारी जागा आता धोक्याची झाली. म्हणून हे निवारे बंद करावे लागले.

‘सगळ्यांना आत घ्या!’

अशा अडचणीच्या वेळी एक गोष्ट मात्र रिकामी पडलेली होती. ओळखा पाहू कोणती? हॉटेले! पर्यटक येणे थांबले होते. हजारो खोल्या, गाद्या, चादरी, गरम पाण्याचे नळ, सगळे तयार आणि वापरायला कुणी नाही.

लंडनच्या महापौरांनी २१ मार्च २०२० रोजी दोन हॉटेलांतल्या ३०० खोल्या बेघरांसाठी घेतल्याचे जाहीर केले. लोकांना तिथे पोचवायला लंडनच्या काळ्या टॅक्सीचे चालक पुढे आले. पाठोपाठ २६ मार्चला, गुरुवारी, इंग्लंडच्या सरकारने सगळ्या नगरपालिकांना पत्र पाठवले. रस्त्यावर झोपणाऱ्या आणि धोका असलेल्या निवाऱ्यांत राहणाऱ्या प्रत्येकाला या शनिवार-रविवारपर्यंत छपराखाली आणा, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. हातात होते दोन-तीन दिवस! या मोहिमेला नाव पडले ‘एव्हरीवन इन’, म्हणजे ‘सगळे आत’.

मोहिमेची सूत्रे होती लुईज केसी या बाईंकडे. त्या या कामात नव्या नव्हत्या. १९९९ साली अशाच एका सरकारी पथकाच्या त्या प्रमुख होत्या आणि रस्त्यावर झोपणाऱ्यांची संख्या दोन-तृतीयांशाने कमी करण्याचे काम त्यांच्या पथकाने मुदतीआधीच पूर्ण केले होते.

नेहमी काय होते, की मदत मागायला आलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारले जातात. तू याच गावचा का? तुझ्याकडे कागद आहेत का? तू बेघर स्वतःच्या चुकीने झालास का? या वेळी ‘एव्हरीवन’ हा शब्द महत्त्वाचा ठरला. आधी आत या, प्रश्न मागाहून. एरवी परदेशी नागरिक म्हणून ज्यांना सरकारी मदतीचा हक्क नव्हता, अशा अनेकांनाही खोली मिळाली. विषाणू काही कागद पाहून शिरत नाही!

एप्रिलच्या मध्यापर्यंत ५,४०० हून अधिक लोकांना जागा देऊ केली गेली. नगरपालिकांना माहीत असलेल्या, रस्त्यावर झोपणाऱ्यांपैकी हे ९० टक्क्यांहून जास्त होते.

दाराला कडी, आत नळ

हॉटेलात प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळाली आणि जेवण दारापर्यंत येऊ लागले. लंडनमध्ये डॉक्टरांनी हॉटेलांची विभागणी केली. ज्यांना लक्षणे दिसत होती त्यांच्यासाठी एक प्रकारची हॉटेले. ज्यांना अजून काही झालेले नव्हते, पण झाले तर जिवावर बेतले असते, त्यांच्यासाठी दुसरी. लंडनमध्ये क्षयरोग शोधण्यासाठी एक्स-रे यंत्र बसवलेली गाडी घेऊन बेघरांमध्ये फिरणारे एक वैद्यकीय पथक आधीपासूनच होते. तेच पथक आता करोनाच्या तपासण्या करू लागले.

आता एक गंमत पाहा. साथीसाठी दिलेल्या खोलीने दुसरीच कामेही केली. रस्त्यावरचा माणूस आज इथे, उद्या तिथे. त्याला डॉक्टरांनी शोधायचे कुठे? खोली मिळाल्यावर तो रोज एकाच जागी सापडू लागला. मग जुन्या जखमांवर उपचार सुरू झाले, व्यसन सोडवणारे सल्लागार येऊ लागले, कागदपत्रांचे अर्ज भरले गेले. सगळेच सुरळीत झाले असे नाही. काही जण खोलीत एकटे राहायला घाबरले, काही निघून गेले. वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या माणसाला बंद दाराची सवय व्हायलाही वेळ लागतो.

हिशेब मांडून पाहू

जानेवारी २०२१ पर्यंत या मोहिमेतून सुमारे ३७ हजार लोकांना मदत झाली होती. त्यांपैकी २६ हजारांहून अधिक लोक हॉटेलांतून पुढे जास्त काळ टिकणाऱ्या घरांत गेले होते.

आणि जीव किती वाचले? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी गणिताने त्याचा अंदाज बांधला. हॉटेलांची सोय, निवाऱ्यांत घेतलेली काळजी आणि टाळेबंदी, हे काहीच झाले नसते तर काय झाले असते, हे त्यांनी मांडून पाहिले. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: पहिल्या लाटेत या उपायांमुळे बेघरांमधले सुमारे २१ हजार संसर्ग टळले, १,१६४ जणांना रुग्णालयात न्यावे लागले नाही आणि २६६ मृत्यू टळले.

तुमच्या शाळेतल्या एका वर्गात किती मुले असतात? चाळीस धरू. २६६ म्हणजे सहा वर्गांहून जास्त माणसे.

पुढे लसी आल्या. मार्च २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये बेघरांना लस देण्याच्या क्रमात पुढे घेण्यात आले, आणि त्यासाठी नेहमीचा नोंदणी क्रमांक नसला तरी चालेल असे ठरले.

मग पुढे काय झाले?

इथे आलेखवहीचा एक कागद घ्या. खाली वर्षे लिहा, बाजूला माणसांची संख्या. मोजणीच्या एका रात्री इंग्लंडमध्ये उघड्यावर झोपलेले लोक असे होते: २०१९ साली ४,२६६. २०२० साली २,६८८. २०२१ साली सुमारे २,४४०. २०२२ साली ३,०६९. २०२३ साली ३,८९८. २०२४ साली ४,६६७.

रेघ आधी झपाट्याने खाली आली, आणि मग पुन्हा वर चढली. २०२४ मध्ये तर ती सुरुवातीच्या आकड्याच्याही वर गेली!

असे का व्हावे? साथ ओसरली, पर्यटक परतले, हॉटेलांना खोल्या परत हव्या झाल्या. तातडीचा पैसा आटला. घरभाडी मात्र वाढतच राहिली, आणि परवडणारी घरे गरजेपेक्षा कमीच पडली. सरकारने नवी घरे उभारण्याच्या योजना केल्या, हजारो लोकांना त्यांचा उपयोगही झाला. पण नव्याने रस्त्यावर येणाऱ्यांची रांग थांबली नाही. बादलीतले पाणी उपसले, नळ मात्र उघडाच राहिला.

म्हणून ही गोष्ट दोन धडे देते. सरकारने मनावर घेतले, पैसा आणि माणसे कामाला लावली, तर ‘कधीच सुटणार नाही’ असे वाटणारा प्रश्न काही दिवसांत पुष्कळसा सुटतो. हा पहिला. आणि संकट सरले म्हणून हात आखडता घेतला, तर प्रश्न परत येतो, हा दुसरा.

आपल्या देशात

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली होती. देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक लोक बेघर आढळले. शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे निदान शंभर माणसांसाठी कायमचा निवारा असावा, असे केंद्र सरकारच्या २०१३ सालच्या योजनेत म्हटले होते.

महासाथीत आपल्याकडेही अनेक शाळांच्या इमारती निवारा केंद्रे झाल्या. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना मिळू लागली, आणि एप्रिल २०२१ मध्ये काही काळ मोफत झाली. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. लस घ्यायला ओळखपत्र लागायचे. ज्यांच्याकडे ते नव्हते, अशा भटक्या, निराधार आणि भीक मागणाऱ्या लोकांसाठी ६ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने वेगळी पद्धत ठरवून दिली.

पत्ता म्हणजे काय?

हा विषय मी वर्गात काढला, तेव्हा चौथीच्या मुलांना विचारले, ‘पत्ता कुठे कुठे लागतो?’ बघता बघता फळा भरला. शाळेत नाव घालताना, रेशनकार्डावर, बँकेत, गॅससाठी, दवाखान्याच्या केसपेपरवर, मतदारयादीत. शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आजीचं पत्र यायला पण!’ घर नसले की एवढे सगळे दरवाजे एकदम बंद होतात. साथीत ते दिसले इतकेच. एरवीही ते बंदच असतात.

मुलांनो, तुम्ही काही हॉटेले उघडू शकत नाही. पण एक काम जरूर करा. तुमच्या शहरात नगरपालिकेचा बेघर निवारा आहे का, कुठे आहे, तो दिवसाही उघडा असतो का, बायका-मुलांसाठी वेगळी सोय आहे का, हे मोठ्यांच्या मदतीने शोधून काढा आणि वहीत लिहा. निवारा नसेल, तर वर्गाने मिळून नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना किंवा आयुक्तांना एक पत्र लिहा. पत्रलेखन तर तुम्हाला अभ्यासाला आहेच!

आणि पालकहो, एक विनंती. फुटपाथवरच्या माणसाकडे बोट दाखवून ‘अभ्यास केला नाहीस तर असा होशील’ असे मुलांना सांगू नका. त्या माणसाच्या हातून काय सुटले, हे आपल्याला ठाऊक नसते. त्याऐवजी मुलांनी विचारले, ‘हे काका इथे का झोपतात?’ तर थोडे थांबा आणि मुलांबरोबर त्याचे उत्तर शोधा. उद्या हीच मुले नगरसेवक होतील, डॉक्टर होतील, अधिकारी होतील. पुढची साथ येईल तेव्हा ‘आधी आत या, प्रश्न मागाहून’ हे त्यांना आठवायला हवे.