तंबोऱ्याची तार बदलताना

मी गवई नव्हे. कामगारांच्या सभा भरवण्यात माझा जन्म गेला. तरी आज तंबोऱ्यावर बोलतो, याला कारण माझ्याच हातून घडलेली चूक. काही वर्षांमागे धरणगावात कार्यक्रमाआधी तासभर खर्जाची तार तुटली. मी हाताशी होती ती बारीक पोलादी तार चढवली. खर्जाला उतरवताच ती लोंबू लागली, घोडीवर खडखडू लागली. गाणाऱ्या बाईंनी बिचाऱ्यांनी पेटीवरच भागवले.

असे का झाले, ते पुढे कळले. तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरतो. तंबोऱ्याच्या चारही तारा लांबीने सारख्याच. पण जोडीच्या षड्जाहून खर्ज एक सप्तक खाली, म्हणजे कंपने निम्मी. ताण तेवढाच ठेवायचा तर तारेचे वजन चौपट हवे. म्हणून जोडी बारीक पोलादाची आणि खर्ज जाड पितळेचा. मी बारीक तारेकडूनच ते काम घेऊ पाहिले. तिचा ताण चौथाईवर आला. उलटी चूक अधिक महाग पडते. नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या स्पॅनिश गिटारवर पोलादी तारा चढवल्या, तर वाढत्या ताणाने घोडी उखडू शकते.

एका वेळी एकच तार काढावी, म्हणजे वाद्यावरचा ताण एकदम जात नाही. जुनी तार खुंटीने सैल करूनच सोडवावी. ताणलेली कापली तर उसळून डोळ्यात जाते. नव्या तारेचा फास खाली लंगोटात अडकवावा, मणी ओवावा, तार घोडीवरून वर नेऊन खुंटीला तीन-चार वेढे द्यावेत. खुंटी आत दाबत फिरवावी. घसरत असेल तर खडू लावावा, तेल कधीही नाही. नवी तार एक-दोन दिवस उतरतच राहते. त्याने घाबरू नये. बारीक जुळवणी मण्याने करावी: तो लंगोटाकडे सरकवला की स्वर चढतो. शेवटी तार आणि घोडी यांमध्ये सुताचा दोरा घालून, झंकार उघडेपर्यंत तो हलकेच सरकवावा.

घोडीवर मात्र आपण कानस चालवू नये. जव्हारी काढणे हे कारागिराचे काम. मिरजेत ही कला उभी केली ती शिकलगारांनी. हत्यारांना धार लावण्याचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी एकोणिसाव्या शतकात तेच हात वाद्यांकडे वळवले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी जव्हारीची मजुरी देताना आपण घासाघीस करतो. कानस दोन घटका चालते, पण कान तयार व्हायला वर्षे लागतात, हे हिशेबात कोणी धरत नाही.

आमच्या तंबोऱ्याला पितळी तार दुसऱ्या दिवशी मिळाली. आता त्याच्या खोळीतच जादा तारांच्या पुड्या असतात, प्रत्येकीवर नाव लिहिलेले.