मुक्या सोबत्याचे दात

गाणगापूरच्या यात्रेहून आणलेली श्रीदत्ताची तसबीर आमच्या खजुरी भागातील पुष्कळ घरांत दिसते. तीत दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान असतात. त्यांना आपण नित्य हात जोडतो. परंतु आपल्याच दारातील कुत्र्याचे दात कधी कोणी पाहिले आहेत काय?

आम्हीही पाहिले नव्हते. आमच्या घरी मोती नावाचा लहानखुरा कुत्रा आहे. एकदा त्याने ज्वारीची कडक भाकरी खाणे टाकले. दुधात कुस्करून दिली तर मात्र तो खाई. ‘लाडावला आहे’, असे म्हणून आम्ही त्याच्यावर रागावलो. पुढे त्याच्या डोळ्याखाली सूज आली, तेव्हा पशुवैद्यांनी वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाल्याचे दाखविले. दाढ काढावी लागली. आम्ही ज्याला हट्ट समजलो, ती वेदना होती!

कुत्र्याला प्रथम २८ दुधाचे दात येतात. सुमारे सात महिन्यांपर्यंत ते पडून त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. कुत्रा लहान असो वा मोठा, दातांची संख्या तीच. साहजिकच लहान जबड्यात दातांची दाटी होते व फटींत अन्नकण अडकतात. त्यांवर जंतूंचा चिकट थर जमतो. लाळेतील क्षार त्यात मुरले की काही दिवसांतच त्याचे कठीण, पिवळट कीटण बनते. ते हिरडीखाली शिरले म्हणजे हिरडी सुजते, दाताभोवतीचे हाड झिजते आणि शेवटी दात हलू लागतो.

कीटण एकदा कठीण झाले की घासून निघत नाही. ते पशुवैद्यांनी भूल देऊनच काढावे लागते. म्हणून थर मऊ असतानाच तो रोज पुसणे हितावह होय. कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली असावी आणि हे काम घरातील वडील माणसाने करावे. पहिले काही दिवस केवळ ओठ उचलून दातांना बोट लावावे. तो सरावला की बोटाला ओले मऊ फडके गुंडाळून, व पुढे मुलांच्या मऊ ब्रशाने, दातांची बाहेरची बाजू हळुवार घासावी. वरच्या दाढांकडे विशेष लक्ष द्यावे. कीटण तेथेच अधिक साचते.

आपली टूथपेस्ट मात्र वापरू नये. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो ती गिळतो. शिवाय काही पेस्टींतील झायलिटॉल हा गोड पदार्थ त्याला विषासमान आहे. राखुंडी व मिश्रीही वर्ज्य. साधे पाणी किंवा कुत्र्यांसाठीच बनविलेली पेस्ट पुरे.

‘हाड चघळले की दात आपोआप स्वच्छ होतात’, हा समज धोक्याचा आहे. कठीण हाडाने दाढ फुटते, तर शिजविलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या घशात रुततात. जी वस्तू नखाने दाबली जात नाही, ती चावण्यास देऊ नये.

तोंडाला दुर्गंधी, एकाच बाजूने चावणे, लाळ गळणे, पंजाने तोंड घासणे, ही दुखण्याची लक्षणे होत. ती दिसताच कुत्र्याला पशुवैद्यांकडे न्यावे.

आता रात्रीचे जेवण उरकले की मोती स्वतःच आमच्यापुढे येऊन बसतो. त्याची गेलेली दाढ काही परत येणार नाही. उरलेल्या मात्र आम्ही रोज पाहतो. विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर तुम्हीही वडिलांना सोबत घेऊन आपल्या सोबत्याचा ओठ जरा उचलून पाहा.